लेदरचे बूट, आपला पावसाळा आणि कपाटातली बुरशी

माझे पहिले चांगले बूट कपाटात मेले. दोन-तीन ट्रेक केले, मग नोकरी बदलली, मग लॉकडाऊन आलं, आणि पाचेक वर्षं ते बिचारे खोक्यात, त्या सिलिका जेलच्या पुडीसकट, आईने दर दिवाळीला धूळ पुसून परत वर ठेवलेले. मग राजमाचीला जायचं ठरलं तेव्हा काढले, बघितलं तर एकदम नवे, चकाचक, मी खूश. लोणावळ्याहून निघालो आणि उधेवाडी यायच्या बरंच आधी उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि मगरीच्या जबड्यासारखा उघडझाप करायला लागला, अर्ध्या तासाने डावापण. आतला फोम बोटाने दाबला तर शिळ्या केकसारखा भुगा. मित्राच्या बॅगेत सुतळी होती म्हणून घरी आलो, नाहीतर अनवाणीच.

तेव्हा मला वाटलं कंपनीने फसवलं. तसं नव्हतं. ते सोल पॉलियुरेथेनचे होते, पीयू म्हणतात तेच, आणि पीयू हवेतली ओल हळूहळू पितो आणि आतून तुटत जातो, वापरा किंवा नका वापरू. उलट वापरात असले की जरा जास्त टिकतात असं जाणकार सांगतात. तेव्हापासून मी बुटांच्या नादाला लागलो आणि आता ओळखीतलं कोणी लेदर बूट घ्यायचे म्हटलं की मला फोन येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. नवीन लोकांसाठी आहे, ज्यांना सगळं माहीत आहे त्यांनी चहा घ्या.

सगळ्यात आधी: तुम्हाला खरंच हवेत का?

भर पावसात भीमाशंकर नाहीतर हरिश्चंद्रगड करायचा असेल तर लेदर बूट नका घेऊ, सरळ सांगतो. ओढ्यातून चालायचं असेल तर रबरी ग्रिपचे, पटकन वाळणारे साधे ट्रेकिंग शूज बरे. लेदर बूट एकदा आतपर्यंत भिजले की वाळायला दोन दिवस लागतात आणि ट्रेकला दोन दिवस कोणाकडे असतात. बाईक, ऑफिस, हिवाळ्यातले किल्ले, साईटवरचं काम, परदेशात थंडी, याला लेदर बूट एक नंबर. मुंबई-कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर त्यांची जरा जास्त सेवा करावी लागेल, विदर्भात राहत असाल तर उलटं, मे महिन्यात कातडं कोरडं पडून भेगा पडणार नाहीत हे बघावं लागेल. एवढी तयारी असेल तर पुढे वाचा.

स्टेप १: चामडं ओळखा

दुकानात "प्युअर लेदर आहे सर" ऐकलं की लगेच पाकीट काढू नका. जनावराचं कातडं जाड असतं, मशीनवर त्याचे आडवे काप काढतात, म्हणजे समजा जाड पोळीचे दोन पदर सोडवल्यासारखे. वरचा पदर, जिथे केसांची छिद्रं असतात, त्याची वीण सगळ्यात घट्ट. तो न घासता तसाच ठेवला तर त्याला फुल ग्रेन म्हणतात, त्यावर डास चावल्याचे, काटा लागल्याचे डाग दिसू शकतात आणि ती खोट नाही, खूणच आहे. तोच पदर वरून घासून सपाट केला, वर रंगाचा जाड थर दिला आणि खोटा दाणा दाबला की करेक्टेड ग्रेन, दिसायला एकदम गुळगुळीत पण काही वर्षांनी वरचा थर सोलायला लागतो. खालचा पदर म्हणजे स्प्लिट, त्याचं स्वेड, म्हणजे मखमलीसारखं लवदार कातडं, करतात, ते चांगलं असू शकतं, पण त्याच स्प्लिटवर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवून चकचकीत बूट विकणारेही आहेत. आणि बाँडेड लेदर म्हणजे कातड्याचा भुगा गोंदात कालवून लाटलेला, लाकडाच्या भुशाचं फर्निचर असतं ना, तसं.

आणि तो "जेन्युइन लेदर" शिक्का. खोटा नसतो बरं का, फक्त काही सांगत नाही. "जेवण शाकाहारी आहे" म्हटल्यावर त्यात पुरणपोळी पण येते आणि हॉस्टेलची डाळ पण येते.

दुकानात काय करायचं ते सांगतो. अंगठ्याने पंज्याच्या जागी दाबा, बारीक बारीक सुरकुत्या पडून सोडल्यावर विरल्या तर चांगलं, कागदासारखी एकच जाड घडी पडली किंवा काहीच हललं नाही तर वर कोटिंग जास्त आहे. मग जीभ बाहेर ओढा (बुटाची, तुमची नाही) आणि कापलेली कड बघा, तिथे तंतू दिसले पाहिजेत, प्लास्टिकसारखी सरळ दोन थरांची रेघ दिसली तर सोडा. वासावर विश्वास ठेवू नका, लेदरचा वास स्प्रेने पण मारता येतो. आणि ते लायटर लावून बघायचे व्हिडिओ असतात ते कृपया दुकानात करू नका.

आपल्याकडे बऱ्याच बुटांना म्हशीचं कातडं असतं. जाड, दाणा मोठा, जरा रांगडं दिसतं, पण रफ वापराला मस्त. नाजूक आणि गुळगुळीत हवं तर गायीचं किंवा वासराचं, ते महाग.

अजून एक गोष्ट कळून ठेवा, कारण पुढे तेल-पाणी सगळं त्यावर आहे. कातडं कमावायच्या मुख्य दोन पद्धती. एक क्रोम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात, झटपट होते, मऊ राहतं, पाणी आणि उष्णता बऱ्यापैकी सहन करतं. दुसरी झाडांच्या सालींची, तिला आठवडे लागतात. आपली कोल्हापुरी या दुसऱ्या पद्धतीची, बाभळीची साल आणि हिरडा, म्हणूनच ती पावसात घातली की आजी ओरडायची. बूट बहुतेक क्रोमचेच असतात. वेज टॅन, म्हणजे साल-कमावलेले, बूट दिसायला भारी, रंग वर्षागणिक गडद होत जातो, पण पहिलेच बूट असतील आणि तुम्ही डोंबिवलीला राहत असाल तर क्रोम घ्या.

स्टेप २: बूट उलटा करा

नवीन माणूस बूट वरून बघतो. खालून बघायला शिका, कारण वरचं कातडं कितीही भारी असलं तरी तळवा बदलता येत नसेल तर त्या भारीपणाचं आयुष्य तळव्याएवढंच.

स्वस्त आणि मध्यम किमतीतले बहुतेक बूट चिकटवलेले असतात. चिकटवणं वाईट नाही, स्पोर्ट शूज बहुतेक तसेच असतात, पण सोल झिजला की दुसरा नीट बसवणं कटकटीचं. दुसरा प्रकार ब्लेक, म्हणजे सुकतळ्यापासून (बुटाच्या आतला, पायाखालचा थर) बाहेरच्या तळव्यापर्यंत आरपार एकच टाका, हलके आणि लवचिक होतात पण टाक्याच्या भोकांतून पाणी आत यायला वाट मिळते. आणि तिसरा ज्याचं सगळे कौतुक करतात तो गुडइयर वेल्ट. यात बुटाच्या कडेने कातड्याची एक पट्टी फिरवतात, ती वेल्ट, वरचा भाग आणि सुकतळा त्या पट्टीला शिवतात, आणि मग बाहेरचा तळवा वेगळ्या शिवणीने त्याच पट्टीला शिवतात. मध्ये जी पोकळी राहते तिथे बहुतेक वेळा कॉर्क भरतात, तो हळूहळू तुमच्या पायाच्या आकाराचा दबतो. तळवा झिजला की बाहेरची शिवण उसवायची, नवा तळवा शिवायचा, वरच्या कातड्याला हात पण लागत नाही. साडीला फॉल लावल्यासारखं आहे, फॉल फाटला तर फॉल बदलतो, साडी नाही.

नावाची गंमत अशी की टायरवाल्या गुडइयरशी याचा धंद्याचा संबंध काही नाही. रबर टिकाऊ करायची रीत शोधणारा चार्ल्स गुडइयर १८६० ला गेला, टायर कंपनी १८९८ ला निघाली आणि तिने फक्त त्याचं नाव घेतलं. वेल्ट शिवायच्या मशीनचं नाव पडलं ते त्याच्या मुलावरून.

आता फसवणुकीची जागा. चिकटवलेल्या बुटालाही कडेने सुंदर शिवण दिसते, फक्त शोभेची, कधीकधी तर ती साच्यातच ओतलेली असते. ओळखायचं कसं? कडेवरचा टाका खाली तळव्यावर पण दिसतो का बघा, किंवा तळव्यावर तो टाका लपवलेली खाच दिसते का. मग हात आत घाला, वरचा मऊ सोल उचला आणि सुकतळ्यावर बोट फिरवा. आत धाग्याची रांग लागली तर ब्लेक. आत काही नाही पण बाहेर वर आणि खाली खरा टाका, तर वेल्ट असण्याची शक्यता खूप. आत काही नाही आणि खाली पण काही नाही, तर गोंद. दुकानदाराला विचारायचंच असेल तर "गुडइयर वेल्ट आहे का" असं विचारू नका, हो म्हणतील. "तळवा झिजला की बदलून द्याल का" विचारा, तिथे खरं बाहेर येतं.

डॉक मार्टेन्स घेणाऱ्यांसाठी एक सूचना, त्यांच्या त्या प्रसिद्ध पिवळ्या टाक्याच्या बुटाचा तळवा वेल्टला उष्णतेने वितळवून जोडलेला असतो, त्यामुळे नाक्यावर तो तसाच्या तसा बदलून मिळत नाही. बूट वाईट आहेत असं नाही, १९६० पासून लोक घालतायत, फक्त रिसोल होतील या आशेने पैसे घालू नका.

तळव्याचं मटेरियल: रबर घ्या. डोळे झाकून रबर. कातडी तळवा ऑफिसच्या गालिच्यावर शोभतो, आपल्या ओल्या फरशीवर त्याने माणूस थेट ऑर्थोपेडिककडे जातो. पीयू हलका आणि पायाला मऊ लागतो, दुकानात चालून बघताना तोच आवडणार, पण माझी राजमाची आठवा. जे वर्षभर रोज घालून संपवणार आहेत त्यांना पीयू चालेल, जे "जपून वापरू" म्हणतात त्यांनी तर मुळीच नको. खोल खाचांचा जो रबरी सोल दिसतो, पिवळ्या अष्टकोनी लोगोवाला, तो व्हिब्रम. १९३५ मध्ये इटलीत आल्प्समध्ये चढाई करताना विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती गेले, बुटांची ग्रिप आणि थंडी हे त्याचं एक कारण होतं, त्यानंतर त्याने रबरी खाचांचा तळवा बनवला आणि १९३७ पासून तो बाजारात आला. त्याच्याच नाव-आडनावातली अक्षरं जोडून व्हिब्रम.

स्टेप ३: माप

संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे बुटात घालणार तेच घालून जा. दोन्ही पाय मोजा, एक मोठा निघतोच, माप त्याचं. आपल्याकडे यूके नंबर चालतो, यूके ८ म्हणजे युरोपचा साधारण ४२ आणि अमेरिकेचा पुरुषांचा ९, ऑनलाइन मागवताना इथेच घोळ होतो. अमेरिकेतून येणाऱ्या दादाला नंबर सांगताना तीनदा सांगा.

लांबीपेक्षा रुंदी बघा. आपले पाय पुढे पसरट, लहानपणी चपला आणि अनवाणी, आणि परदेशी फर्म्यावर (ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बूट बनवतात तो) बनलेले बूट अरुंद, मग लोक काय करतात तर रुंदीला बसावं म्हणून एक नंबर मोठा घेतात आणि टाच आत पंपासारखी वरखाली. त्यापेक्षा रुंद फर्मा मागा, इ किंवा इइ असं लिहिलेलं असतं. कातडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला होत नाही, त्यामुळे अंगठा पुढे टेकत असेल तर "वापरून होईल बरोबर" हे दुकानदाराचं वाक्य विसरा. टाच सुरुवातीला अर्धा सेंटीमीटर उचलली तर चालतं, सोल वाकायला लागला की कमी होते.

नवे बूट चावणारच. पहिला आठवडा घरातच, रोज तासभर, जाड मोजे घालून, टीव्ही बघताना सुद्धा. बायको हसेल. बुटात पाणी भरून घालून वाळवायची एक जुनी युक्ती फिरते, ती करू नका, सुकतळा वाकडा होतो. चावतो त्या जागी आतून थोडं लेदर कंडिशनर (कातडं मऊ ठेवणारं क्रीम, केसांचं नाही) चोळा आणि चमच्याच्या मागच्या बाजूने दाबा, बरंच काम होतं.

स्टेप ४: जुने बूट घ्यायचे असतील तर

हा माझा आवडता भाग. नवे वेल्टवाले बूट महाग आहेत, खोटं कशाला बोलू, आणि जुन्यात कधीकधी सोनं मिळतं. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत दो टाकीजवळ शुक्रवारी पहाटे भरणारी डेढ गल्ली, इथे नशीब आणि नजर दोन्ही लागतं. माझे आत्ताचे तपकिरी बूट जुन्या बाजारातले, नऊशे रुपये, वर पांढरी बुरशी, एकच लेस, ती पण प्लास्टिकची सुतळी.

घेताना पाच मिनिटं खालच्या गोष्टींना द्या. सुरकुती आणि भेग यात फरक करा: बूट वाकवा, घडीच्या आत खाली तंतू दिसले तर ती भेग, कातडं तुटलंय, कुठल्याही क्रीमने ते जोडलं जात नाही, फक्त झाकलं जातं. नुसती सुरकुती असेल तर काही प्रॉब्लेम नाही. बोट घासल्यावर लालसर पूड लागत असेल, विशेषतः खूप जुन्या साल-कमावलेल्या कातड्याला, तर ते सडलेलं आहे, उचलू नका, फुकट दिले तरी. आत हात घालून सुकतळा चाचपा, मधोमध तडा असेल तर वेल्ट असूनही उपयोग नाही कारण शिवणार कशाला. टाचेमागचा कडक भाग दाबून बघा, तो मोडला असेल तर बूट कायम मागे बसणार. आणि सोल पीयूचा असेल तर नखाने दाबून बघा, खड्डा राहिला किंवा चिकट लागलं तर काय होणार ते तुम्हाला आता माहीत आहे.

लेस नाही, आयलेट गंजलेत, टाच झिजली आहे, रंग उडालाय, वास येतोय: हे सगळं सुटण्यासारखं. याच गोष्टी दाखवून भाव पाडा.

स्टेप ५: साफसफाई आणि जीव आणणं

बुरशी असेल तर पहिलं काम घराबाहेर, गॅलरीत सुद्धा नाही, खाली अंगणात किंवा गच्चीवर. तोंडाला मास्क. कोरड्या ब्रशने झाडा, तो ब्रश परत पॉलिशला वापरायचा नाही. मग मेडिकलमध्ये मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने पुसा, आतून पण, आधी एका कोपऱ्यात रंग निघत नाही ना बघून. अल्कोहोल नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी.

बाय द वे, प्रत्येक पांढरा थर बुरशी नसतो. कधी कातड्यातली चरबी किंवा मेण वर येतं, थंडीत जास्त. हेअर ड्रायर लांबून, कोमट, काही सेकंद मारा: विरघळून गायब झालं तर मेण, तसंच राहिलं आणि कुबट वास आला तर बुरशी. कडेने वेडीवाकडी पांढरी रेघ असेल तर ते मीठ, घामाचं, किंवा टोरांटो-न्यू जर्सीवाल्यांच्या बाबतीत रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं, ते ओल्या फडक्याला थोडं व्हिनेगर लावून निघतं.

मग सॅडल सोप, म्हणजे कातड्यासाठीचा खास साबण. लेस काढा, ओलसर फडक्यावर थोडा साबण, फेस करा, हलक्या हाताने गोल गोल, जिभेच्या घडीत आणि वेल्टच्या खाचेत जुना टूथब्रश. दुसऱ्या ओल्या फडक्याने पुसून टाका. इथे कोणी भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर वापरतं, नका करू, कातडं स्वभावाने आंबट असतं आणि साबण सगळे अल्कलीवाले, सॅडल सोपसुद्धा, म्हणून तो वर्षातून एक-दोनदाच, दर रविवारी नाही. रोजच्या धुळीला घोड्याच्या केसांचा ब्रश बास, आणि खरं सांगू, नुसतं रोज अर्धा मिनिट ब्रश मारणारा माणूस पुढचं सगळं न करता सुद्धा अर्धी लढाई जिंकतो.

आता वाळू द्या. सावलीत, चोवीस तास. लोक इथे घाई करतात.

मग कंडिशनर. बोटाने लावा, फडक्याने नको, बोटाला कळतं कुठे कोरडं आहे. पातळ थर, रात्रभर ठेवा, सकाळी सगळं प्यायलं असेल तर अजून एक पातळ थर, वर चिकट राहिलं तर पुसून टाका. आजोबा पायताणाला एरंडेल चोळायचे आणि ती पायताणं वर्षानुवर्षं चालली, त्यामुळे तेल वाईट असं मी म्हणणार नाही, पण पायताण आणि बूट वेगळे. बुटात जास्त तेल गेलं की कातडं ढिलं पडतं, रंग कायमचा काळपट होतो आणि पावसाळ्यात बुरशीला मेजवानी. माझ्या एका मित्राने टॅन रंगाचे बूट खोबरेल तेलात अक्षरशः न्हाऊ घातले, आता ते चॉकलेटी आहेत आणि त्यांना उन्हाळ्यात धूळ अशी चिकटते की बेसनात घोळल्यासारखे दिसतात. नीट्सफूट किंवा मिंक तेल वापरणार असाल तर तेही थेंब-दोन थेंब, रफ बुटांना, आणि रंग गडद होणार हे गृहीत धरून. स्वेड आणि नुबकला (वरचा पदर घासून मखमली केलेलं कातडं) यातलं काहीच लावायचं नाही, त्यांना फक्त रबरी ब्रश आणि खोडरबर.

नंतर क्रीम पॉलिश, रंगाचं, यात थोडं पोषण आणि थोडा रंग असतो, उडालेल्या जागा भरतात. रंग जुळत नसेल तर एक छटा फिका घ्या, गडद नको. दहा मिनिटं थांबून ब्रश. डबीतलं मेणाचं पॉलिश, चेरी ब्लॉसम वगैरे, ते चमक आणि पाण्यापासून थोडं संरक्षण देतं, पण ते फक्त चवड्याला आणि टाचेला लावा, घडी पडते तिथे जाड मेण लावलं की तडकून पांढऱ्या रेघा पडतात. एनसीसीत आम्ही डबीच्या झाकणात पाणी घेऊन, कापूस बुडवून चवडा आरसा करायचो, ते अजून चालतं. स्पंजवाली लिक्विड पॉलिशची बाटली असते ना, ती शाळेच्या बुटांसाठी ठेवा.

माझे नऊशेवाले बूट या सगळ्याला तीन संध्याकाळी लागल्या. लेस १४० सेंटीमीटरच्या, आठ भोकांच्या जोड्यांना तेवढ्याच लागतात.

स्टेप ६: भिजले तर

हे नीट वाचा, कारण बहुतेक चांगले बूट भिजून मरत नाहीत, वाळवताना मरतात. ओल्या कातड्याला उष्णता सोसत नाही. साल-कमावलेलं ओलं कातडं साधारण सत्तर-ऐंशी डिग्रीलाच आक्रसायला लागतं, क्रोमवालं शंभरच्या आसपासपर्यंत तग धरतं, पण गोंद त्याच्या आधीच हार मानतो. म्हणून बाईकच्या सायलेन्सरजवळ, गॅसच्या शेगडीशेजारी, इस्त्रीने, कडक उन्हात, कुठेच नाही.

चिखल आधी ओल्या फडक्याने पुसा. लेस सोडा, जीभ पुढे ओढा, आतला सुटा सोल काढा. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पण फुगेपर्यंत नाही, आणि खरी गोष्ट ही की ते बोळे बदलायचे असतात, पहिले दोन-तीन तास दर तासाला, मग झोपायच्या आधी. एकदा कोंबून विसरलात तर तुम्ही ओल आत साठवून ठेवली. फिकट अस्तर असेल तर आधी साधा कोरा कागद, शाई लागते. आडवे ठेवा म्हणजे तळव्याला पण वारा लागेल, आणि पंख्याखाली. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. पूर्ण वाळायच्या जरा आधी पातळ कंडिशनर.

आणि एकच जोड रोज घालू नका. पायाचा घाम दिवसभर आत मुरतो, त्याला एक दिवस सुट्टी लागते. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून जेवढे टिकतात ते एकामागून एक वापरण्यापेक्षा जास्त.

स्टेप ७: पावसाळ्यात ठेवायचं कुठे

हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण लागत नाही, आणि जुलैत आपल्याकडे काय असतं ते भिंती सांगतात. चिपळूणला मामाकडे तर लाकडी देव्हाऱ्याला पण बुरशी येते, तिथे बूट काय चीज आहे.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, आतली ओल आतच. खोक्यात पण नको. उघड्या रॅकवर, भिंतीपासून चार बोटं पुढे, जिथे येता-जाता दिसतील तिथे. आत लाकडी शू ट्री (बुटात घालायचा पायाच्या आकाराचा ठोकळा) असेल तर छान, नसेल तर कागद, आकार टिकतो. बंद कपाटच असेल तर सिलिका जेल, पण खोक्याबरोबर येते ती एक पुडी म्हणजे महासागराला चमचा, मोठ्या पिशव्या आणा, रंग बदलणाऱ्या मिळतात, रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरायच्या. पाणी गोळा करणाऱ्या लटकत्या पिशव्या पण चालतात, फक्त खाली साठलेलं पाणी बुटावर सांडू देऊ नका, खारट असतं. डांबर गोळ्या झुरळांसाठी, बुरशीला त्या काही करत नाहीत.

पावसाळ्याआधी तेलकट काही लावू नका, मेणाचा पातळ हात द्या. आणि दर पंधरा दिवसांनी बूट बाहेर काढा, ब्रश मारा, तासभर घालून फिरा. पीयूवाल्यांनी तर नक्कीच.

मोचीकाका

शेवटी हे काम आपण करू शकत नाही, आणि हौस म्हणून करू पण नका. आमच्या चौकात पत्र्याच्या गटई स्टॉलमध्ये एक काका बसतात, आरी, रापी, लोखंडी ऐरण आणि एक ट्रान्झिस्टर. मी पहिल्यांदा ते नऊशेवाले बूट नेले तेव्हा त्यांनी उलटे केले, वेल्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा शिवायचा बूट आहे, आजकाल येत नाहीत असे." तिथे मला कळलं की माणूस बरोबर मिळाला. तुम्ही पण हेच बघा: बूट हातात आल्यावर पहिल्यांदा खाली बघतोय की लगेच सोल्युशनची डबी उघडतोय.

काम सांगताना स्पष्ट सांगा. "शिवून द्या, नुसतं चिकटवू नका, आणि शिवण वेल्टमधूनच, जुन्या भोकांतून." पूर्ण तळवा झिजायची वाट बघू नका, चवड्याखाली पातळ वाटायला लागलं की हाफ सोल मारून घ्या, कारण एकदा झिजत झिजत वेल्टच कापला गेला की खर्च तिप्पट आणि तो बदलणारा माणूस शहरात दोन-चारच. टाचेचं रबर तिरकं झिजलं की लगेच, त्यावरचे थर घासले जायच्या आत. लोखंडी नाल मारू का विचारतील, फॅक्टरीत किंवा मातीत चालणाऱ्यांनी हो म्हणा, मेट्रोच्या जिन्यावर चालणाऱ्यांनी नको. काम घाईत मागू नका, त्यांना दोन दिवस द्या, सांगतील तो भाव द्या, हाताने वेल्ट शिवणं हे चप्पलचा अंगठा लावण्यासारखं काम नाही.

माझे बूट सध्या तिथेच आहेत, डाव्याची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती. काका म्हणाले तुम्ही डाव्या पायावर जास्त भार देऊन उभे राहता. गियरचा पाय आहे, म्हटलं.